मातृभाषा : रकाना दहावा

जत सोडलं की तासाभरात
मोबाइलला आपसूक कर्नाटक लागतं.
कंडक्टर मराठीत तिकीट फाडतो
आणि सुट्टे कानडीत मागतो.
हुणसेहाळच्या फाट्यावर मी एकटीच उतरले,
खांद्याला शिरगणतीची पिशवी,
पिशवीत नकाशा, पाच पेन्सिली, दोन भाकरी
आणि तासगावहून आणलेली माझी एकुलती एक भाषा.

पाटी आपली, देवनागरीतली.
खाली लिहिलेलं, जिल्हा सांगली.
तिच्यावर कुणीतरी कोळशानं
गोल गोल अक्षरांत काहीबाही गिरवलेलं.
मला वाटलं, शिवी असेल.
शेळ्यांमागचा पोरगा म्हणाला,
'हुणसेहाळच लिवलंय की, बाई.'

दोनशे बारा घरं.
छप्पर? पत्रा.
पाणी? टँकरचं, तेही बेस्तरवारी आला तर.
मातृभाषा?
इथं आल्यावर माणसं जरा थांबायची,
आत चुलीकडं बघायची.
कुणी म्हणे, 'मराठीच लिवा, हापिसात बरं पडतंय.'
कुणी उठून उभा राहून सांगे, कन्नड,
जशी जामीनदाराची सही करावी.
दुंडाप्पा बगलींना मी विचारलं,
गाव इकडं आलं तेव्हाचं काही आठवतं?
'बाप तूर बडवत होता,' ते म्हणाले,
'रात्री कुणी येऊन सांगितलं.
तूर मोजली. मागच्या साली भरली तेवढीच भरली.'

कन्नड. कन्नड. कन्नड.
न्न काढून काढून
तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पेन्सिलीचं टोक मोडलं.
'ऊटा आत?' एवढं मला कळू लागलं होतं.
जेवण झालं का म्हणतात,
आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढतात.

मग गुरुसिद्धाचं घर.
वय पासष्टच्या आसपास, एकटाच, दोर वळतो.
जन्मापासून ऐकू येत नाही, बोलणं नाही.
मी रकाना मोकळा सोडणार होते,
पण पुस्तिकेत नियम आहे, पान एकोणतीस :
मुक्या माणसाची मातृभाषा म्हणून
त्याच्या आईची भाषा लिहावी.

आई जाऊन चाळीस वर्षं.
गल्ली गोळा झाली. कुणाला नाव आठवेना,
कुणाला नुसतं लुगडं आठवलं.
शेवटी बाजेवरून चन्नव्वा बोलली,
'अकी दिघंचीची.
दोन वर्सं कुणाशी बोलली न्हाई. म्हशीशी बोलायची.
म्हस तेवढी मराठी शिकली!
आम्ही बा बा म्हणून घसा फोडायचा, ती हलायची न्हाई.
हिनं ये गं बाय म्हटलं की दावं तोडून.'
सगळे हसले. चन्नव्वाही हसली.
'मग हे पोर झालं.
केवढं बोलायची त्याच्यासंगं!
माहेर, विहीर, बहिणींची नावं,
सगळं साठवलेलं, एका दमात.
दीड वर्सानं तिला समजलं, की ह्यो...'
पुढचं ती कानडीत सांगत राहिली.
कुणी मला उलगडून सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मी लिहिलं, मराठी.
दोनशे बारा घरांत एवढीच एक,
आणि ती त्यानं कधी ऐकलेली नाही.

गुरुसिद्ध कागदाकडं बघत होता.
त्याला वाटलं असावं, मी काहीतरी मागतेय.
त्यानं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली,
वाखाचे चार धागे मांडीवर वळले,
पेन्सिलीच्या मानेशी गाठ मारली
आणि कशी गळ्यात अडकवायची ते स्वतः घालून दाखवलं.
गाठ इतकी बारीक
की नखानं चाचपावी लागते.

संध्याकाळच्या गाडीत कंडक्टरनं काहीतरी विचारलं.
मी मान हलवली.
कुठलं तिकीट फाडलं,
ते अजून बघितलेलं नाही.