पासंग

सायकल घेतली तेव्हा तिच्यावर अजून
पुण्याचा एक माणूस बसलेला होता.
पंच्याऐंशी किलोचा.
मागच्या शॉकमधली हवा त्याच्या मापाची,
लाल बटणाचे टिचके त्याच्या सवयीचे,
आणि मी, दवाखान्याच्या काट्यावर अठ्ठावन्न,
लळिंगच्या उतारावर
दुसऱ्याच्या चपला घालून पळावं तशी आपटत होते.

धुळ्यात आग्रा रोडला
गफूर पिंजारींचं कमानपाट्यांचं दुकान.
आजोबा त्यांचे धनुकलीच्या तारेवर कापूस पिंजायचे,
यांच्या वाट्याला लोखंड आलं.
चाळीस वर्षं हाच धंदा :
ट्रकच्या मागच्या फाळक्यावर चढायचं,
दोन्ही पायांनी एक उडी,
आणि गाडी किती हलून थांबते ते कानांनी मोजायचं.
"दीड डाव हलनी ते बरी.
तीन डाव हलनी ते पाटा गया."
सत्तर किलो. ड्रायव्हर म्हणायचे,
गफूरमियाचं वजन म्हणजे सरकारी वजन,
शिक्का मारलेलं.

त्यांनी सीट एकदा दाबली. सोडली.
"हाई गाडी आजून दुसरानीच शे."

शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक रबरी कडी असते.
ती वर सरकवून टेकवायची.
मग बसायचं, भिंतीला कोपर लावून,
उडी नाही, हिसका नाही,
निजलेल्या लेकराशेजारी बसावं तसं.
आणि तसंच उतरायचं.
कडी जिथे राहिली तिथवर तुम्ही.

पंचावन्न मिलिमीटरच्या दांड्यावर
मी नऊ भरले.
हवे होते सोळा.

एकशे ऐंशीवरून एकशे साठ.
फुस्स. तेलाचा बारीक वास.
एकशे चाळीस.
पुण्याचा माणूस थोडा थोडा उतरत होता.
एकशे पंचवीसला कडी सोळावर थांबली
आणि सीटवर पहिल्यांदा मी एकटी.

पण कुरणातल्या ओळीने मांडलेल्या दगडांवर
तिसऱ्या धक्क्याला मागचं चाक बसलं ते उठेचना.
एक दगड पचायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा.
लाल बटण चार टिचके उघडलं.
आता ती लाथा झाडायला लागली,
माझी कंबर हँडलच्याही पुढे.
दोन टिचके मागे.
तीच वाट, तोच वेग,
तोच माकडांचा कळप, तेच वैतागलेले चेहरे.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची
हे मी पोस्टाच्या जुन्या पावतीमागे लिहून ठेवलं,
आणि लगेच दोन बदलल्या,
आणि सगळा रविवार वाया.

पुढच्या खेपेला
मोठ्या काळ्या पायरीवरून उतरले, थांबले, वाकून पाहिलं :
कडी एक्कावन्नवर.
चार उरले होते. उरू दिले.
परतताना बाभळीचा काटा लागला.
त्याला कुठलंच ट्यूनिंग कळत नाही.
हायवेपर्यंत ढकलत आणली.

दुकानात गफूरचाचा बाकावर.
दुपार टळून गेलेली, डबा तसाच,
ठेच्याचं तेल कागदावर उतरलेलं.
टायर मीच काढलं, मीच बसवलं.
ते म्हणाले, "जमनी का?"
म्हटलं, तुम्हीच बसून बघा.
"मी?" म्हणाले, पण उठले.

पायजम्याची गोट गुडघ्यापर्यंत वर घेतली,
मी हँडल धरलं,
कडी टेकवली.
ते बसले. हळूच. उतरले.
मग आम्ही दोघं खाली वाकलो.

मी पट्टी लावली. मग पुन्हा लावली.
त्यांनी चष्मा पुसून स्वतः लावली.
अकरा.

रस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर गेला,
दुकानातले सगळे पाटे बारीक वाजले,
वाजून थांबेपर्यंत कोणी बोललं नाही.

मग पंप हातात घेऊन
त्याचा काटा बोटाने टिचकत
गफूर पिंजारी म्हणाले,
"हाऊ पंप खोटा बोली ऱ्हायना.
दुसरा ली ये."