फलकासाठी मजकूर

चाळीस शब्द. त्याहून जास्त मावत नाहीत,
आणि पितळ अक्षरागणिक महाग.
समितीनं काम माझ्याकडे ढकललं:
"तुम्ही नव्या आहात, तुम्हाला कुणाची बाजू नाही."
अकरा वर्षं झाली मला स्टेनब्रिजमध्ये. असो.

झाड ग्रंथालयामागे, गाड्या लावायच्या जागेत.
काळी तुती. उभी आहे असं म्हणवत नाही,
एका कोपरावर रेललेली,
जेवण आटोपल्यावर गप्पांत रमलेल्या माणसासारखी.
तीन टेकू, एक लोखंडी पट्टा,
ढोलीत नगरपालिकेनं कधीतरी ओतलेलं सिमेंट,
दाढेत भरतात तसं.

राजाच्या हुकुमानं लावली, म्हणे,
रेशीम इथंच पिकावं म्हणून.
गाडीभर रोपं आली आणि सगळी चुकीची.
किड्यांना पांढरी हवी, ही निघाली काळी.
किड्यांनी नाक मुरडलं
आणि गावाचं रेशीम तिथंच संपलं.
छे, मिस्टर ऑलपोर्ट म्हणतात, कसला राजा,
एका विणकराच्या विधवेनं लावली, मुरंब्यासाठी.
कागद दोघांकडेही नाही.

इप्सविचहून तज्ज्ञ आला, गिरमिट घेऊन.
वाढीची वर्तुळं मोजणार होता.
गिरमिट चार बोटं आत गेलं
आणि मग नुसतंच गेलं.
पोकळ.
"सुमारे लिहा," तो हात पुसत म्हणाला,
"सुमारे चारशे. भांडायला कोण येतंय?"

वय सुमारे. फळं मात्र बेसुमार.
ऑगस्टभर गाड्यांच्या टपांवर जांभळा सडा,
आणि ग्रंथालयाच्या तक्रारवहीत
एकाच करड्या गाडीच्या मालकाची नऊ पत्रं.

हेस्टर क्लॉप्टन, वय त्र्याऐंशी (हे नक्की),
मला हाताला धरून खोडाच्या पलीकडे घेऊन गेली.
"इथं आमची कपड्यांची दोरी होती.
आईनं एकदा परक्याची चादर वाळत घातली,
लग्नघरची, पांढरी,
आणि वारा सुटला."
ती थांबली. मी वही मिटली.
"पिकल्या तुतीचा डाग कच्च्या तुतीनं जातो, म्हणे.
आम्ही चौघी बहिणी रात्रभर
कंदील धरून कच्च्या तुती शोधत होतो."
गेला का डाग?
"चादर आमच्याकडेच राहिली," ती म्हणाली,
"पैसे कापले. मी तिच्यातच जन्मले."

हे कुठं लिहू?
माझ्या भाषेत शेवटी एक म्हणे जोडला की झालं.
खोटं नाही, खरं म्हणून हट्ट नाही,
ऐकलं तसं पुढं दिलं.
इंग्रजीत त्याला तीन-चार शब्द पडतात,
आणि समिती ते सगळ्यात आधी खोडते.

एकोणचाळीस शब्द पाठवले.
राजा नाही, विधवा नाही, चादर नाही.
जात, वय सुमारे, टेकूंचा खर्च कुणी दिला,
फांद्यांवर चढू नये.

फलक झाडावर नाही, शेजारच्या खांबावर बसवला.
हेस्टरनं भिंग लावून तो दोनदा वाचला.
"चूक काही नाही," म्हणाली,
आणि काठीनं एक फळ माझ्याकडे सरकवलं.

परवा पुस्तकं परत करायला गेले तर
पितळेवर, नेमका वर्षांच्या आकड्यावर,
जांभळा ओघळ.
पुसायला कच्ची तुती शोधली,
खालच्या फांद्या, मग टाचा उंचावून वरच्या.
एकही उरली नव्हती.
बोटं चाटली, आणि राहू दिलं.