कोरडी सुई

ब्रेइशो म्हणाला, कोरडी सुई.
मला हसूच आलं.
चाळीस वर्षं मांडीभर पाण्यात उभी राहून
कारिलच्या खाडीत तिसऱ्या उकरणाऱ्या बाईला
कोरडं असं काय माहीत असणार?
माझे मोजेसुद्धा फक्त रविवारी वाळतात.

"म्हणजे आत औषध नाही, ओब्दुलिया.
सुई रिकामी. नुसती जाते आणि येते."
चाळीस युरो, आणि सुई रिकामी!
मी रिकामी बादली घेऊन
बाजारात उभी राहिले असते तर...
असो. पालथी झोपले.

दुखतं कुठे, त्यानं विचारलं.
मी मनगट दाखवलं,
अंगठ्यापर्यंत उतरणारी कळ दाखवली,
रात्री हातातून बशी निसटते तेही सांगितलं.
त्यानं हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.
बोटं सरळ खांद्याच्या फऱ्यावर,
वाळूत चाचपावं तशी,
आणि थांबली.
मलाच ठाऊक नव्हतं ती गाठ तिथं राहते.

सुई गेली ते कळलं नाही.
मग आत काहीतरी उडालं.
दाताळ्याचा दात लागताच
तिसरी खटकन मिटते ना, तसं,
माझ्याच मांसात, मला न विचारता.
गावातल्या एकूण एक संताला मी शिवी हासडली.
"हेच हवं होतं," तो म्हणाला.
पुन्हा उडालं. पुन्हा.
पाचव्यांदा जरा आळसावून.
सहाव्यांदा नाहीच.

"नेमकं इथंच, हे तुला कसं कळलं रे?"
तो कापूस दाबून धरत म्हणाला,
"आईचं तिथंच दुखायचं.
लहानपणी मीच ब्रँडी चोळायचो.
अंगठा आपोआप जातो."

आई म्हणजे मारुशा.
वीतभर सरकलेल्या एका खुंटीवरून
अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही.
कोणी सरकवली, ते राहू दे.
एकाच ओहोटीला उतरतो,
पाठीला पाठ करून वाकतो,
दाताळं ओढतो, दोघीही उजव्या हातानं.

सदरा घालताना हात वर गेला,
कानाच्याही वर.
मी तो पुन्हा खाली आणून
पुन्हा वर नेऊन पाहिला,
पोरीनं नवी बांगडी बघावी तसा.
"उद्या ठणकेल," ब्रेइशो म्हणाला,
"परवा हलकं वाटेल. पाणी भरपूर प्या."
पाणी! मला सांगतो.

दारात वळून म्हटलं, "आईला सांग..."
तो हात पुसता पुसता थांबला.
माझ्या तोंडात पुढचे शब्दच नव्हते.
"काही नाही," म्हटलं.
"गुरुवारी येते. ओहोटी दुपारची आहे,
सकाळची वेळ दे."