फळ्यावरची भाजी

माझं अक्षर चांगलं, एवढ्यावर मला ही नोकरी मिळाली.
एरंडवण्यात, दवाखान्याशेजारच्या बोळात अकरा टेबलं,
मातीचे पेले, कापडी रुमाल,
आणि दाराशी उभा काळा फळा.
रोज सकाळी साडेदहाला मी त्यावर लिहिते
कोणती भाजी, कुणाच्या रानातली, किती किलोमीटरवरून आली.
लोक आधी फळा वाचतात, मग आत येतात.
काही जण फोटो काढून तसेच निघून जातात,
पोट भरल्यासारखे.

वांगी : कौसल्या मरगळे, केळद. सेंद्रिय.
हे मी इतक्यांदा लिहिलंय
की आता हात आपला आपण वळतो.
बाईंना पाहिलं एकदाच. टेम्पोतून उतरल्या,
फळ्यासमोर उभ्या राहिल्या.
हे माझं नाव का? केवढं मोठं काढलंय.
आणि पुढचं हे काय?
सेंद्रिय, मी म्हटलं.
त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला,
बी लागतंय का बघावं तसा.
आमच्यात याला नुसतं घरचं म्हणतात, म्हणाल्या,
आणि काटा नीट लावलाय का बघायला आत गेल्या.

त्यांच्या वांग्यांना भोकं असतात.
दिगंबर चिरताना शिव्या घालत आळ्या काढतो
आणि बाहेर येऊन गिऱ्हाइकाला सांगतो,
आळीला कळतं साहेब, विष कुठे नाही ते.

बुधवारी पाबे घाटात दरड आली.
फोन लागेना. साडेनऊला ईशान सर
मार्केट यार्डातून दोन क्रेट घेऊन आले.
वांगी चकचकीत, सगळी एका मापाची,
वर्गाच्या फोटोला उभी केल्यासारखी.
एकालाही भोक नाही.
दिगंबर म्हणाला, आज काम लवकर उरकेल.
सर म्हणाले, फळा कालचाच राहू दे. एक दिवस.
आणि माझ्याकडे न बघता गल्ला मोजायला लागले.
ते वाईट नाहीत.
तीन महिने त्यांनी स्वतःचा पगार घेतलेला नाही.
मला ठाऊक आहे, हिशेबाची वहीही मीच लिहिते,
अक्षर चांगलं म्हणून.

मी ओलं फडकं घेऊन उभी.
पुसलं तर नुसतं पुसलं जाईल,
ठेवलं तर माझ्या अक्षरात राहील.
साडेअकराला रणभिसे मॅडम येतील,
ससूनच्या लॅबमधून रिटायर झालेल्या.
त्या फळा वाचतात रिपोर्ट वाचावा तसा,
खालून वर, आधी सही बघून.

मी लिहिलं :
वांगी : मार्केट यार्ड. कुणाची, माहित नाही.
खाली जागा उरली, म्हणून : घाट बंद आहे.

सर बाहेर आले. वाचलं.
खडू मागितला. मी दिला.
त्यांनी माहितमधली वेलांटी दीर्घ केली
आणि खडू परत दिला.

रणभिसे मॅडमनी वाचलं, खालून वर.
पिठलं मागवलं.
अर्ध्या जेवणात म्हणाल्या, ते वांगं एक चमचा आणा बरं, चाखायला.
खाल्लं, आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत.
चांगलं लागतंय, म्हणाल्या शेवटी,
जरा नाराजीनं.

संध्याकाळी फोन लागला.
तोडलेली वांगी ओट्यावर पडलीत, कौसल्याबाई सांगत होत्या,
टेम्पोवाला घाटाखाली पत्ते खेळतोय,
निम्मी म्हशीला घातली.
मग विचारलं, आज काय लिहिलंत?
मी वाचून दाखवलं, सगळं, घाट बंद आहेपर्यंत.
पलीकडे कुणीतरी भांडं घासत होतं.
म्हणजे नाव पुसलंत माझं, म्हणाल्या.
विचारत होत्या की नुसतं सांगत होत्या
ते कळायच्या आत
रेंज गेली.