पंच

पोवई नाक्यावरच्या दुकानातून शर्वरीनं आणलं ते यंत्र.
लाल मुठी दोन, मधे स्प्रिंग,
आणि बाजूला कोरलेलं: चाळीस किलो.
पोलीस भरतीत गोळा फेकायचाय तिला.
सर म्हणाले, खांदा आहे तुझ्यात, बोटं नाहीत.

तेव्हापासून ती जेवताना दाबते,
एका हातानं भाकरी मोडत,
अभ्यास करताना दाबते,
आईशी भांडताना तर फारच चांगलं दाबते.
कुईं. कुईं.
शेजारचे शिर्के विचारतात,
पाळणा हलवताय का काय कुणाचा?

परवा ती न्हाणीत असताना
मी ते हळूच उचललं.
सातव्यालाच अंगठ्याच्या बुडात कळ आली.

एकोणीस वर्षं पंच मारलाय या हातानं.
सातारा, मेढा, बामणोली, शेवटची गाडी, मुक्कामी.
डाव्या कुशीत तिकिटांची पेटी, उजव्यात पंच,
कंबर सीटच्या दांडीला टेकवलेली,
कारण धरायला तिसरा हात महामंडळानं दिला नव्हता.
फुल, हाफ, पोत्याचं वेगळं,
पाटीतल्या कोंबड्यांवरून वाद.
गर्दी ऐकेना तर पंच दांडीवर आपटायचा,
नुसत्या आवाजानं माणसं पुढं सरकायची.
मनगटापासून कोपरापर्यंत
रहाटाच्या दोरासारखा पीळ होता तेव्हा.
बरण्यांची घट्ट झाकणं घरी
माझी ड्यूटी संपायची वाट बघत बसायची.

मग मशीन आलं.
बोटानं टेकवायचं, कागद आपोआप बाहेर.
पंच डेपोत जमा केला, सही केली,
रकान्यात लिहिलं होतं, नग एक.
हात कधी जमा झाला
त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.
आता बरणी शर्वरी उघडते,
माझ्याकडे न बघता. एवढी समज तिला आहे.

तरी नवव्या, दहाव्याला
तळव्यात जुनं काहीतरी कूस बदलून उठलं.
केळघरचं वळण आलं की पाय आपोआप रुंदावतात, तसं.
फक्त एक खटकत होतं.
एवढं दाबून भोक कुठंच पडत नव्हतं.
कुणीच मेढ्याला पोचत नव्हतं.

"बाबा, मुठी जुळल्या की लगेच सोडू नका."
दारात उभी, केसांना पंचा गुंडाळून.
"धरून ठेवा. पाच मोजा. बळ तिथं येतं."

मी तर जन्मभर दाबलं की सोडलं.
पुढचा हात पैसे घेऊन ताटकळत असायचा.
धरून ठेवायला वेळ कुणाला होता?
तीनपर्यंत गेलो. चौथ्याला स्प्रिंगनं
मला उघडलं.

शनिवारी कोडोलीच्या माळावर
मी टेपचं टोक धरायला गेलो.
गोळा तळव्यात नाही, बोटांच्या बुडाशी,
मानेला चिकटलेला,
आणि मग ती सगळीच्या सगळी त्याच्या मागं.
पहिला पाच वीस.
दुसऱ्याला पाय रेषेबाहेर.
तिसऱ्याच्या आधी तिनं घाम पुसला,
तेव्हा कोपराखाली दिसला मला तो दोर,
बारीक, नवा, नीट न वळलेला.

गोळा पडला तिथं मातीत खळगा होता.
गोल. कडा स्वच्छ.
उगाच वाकून मी बोट घालून बघितलं.

पाच चाळीस.
सहा हवेत.
ती काहीच बोलली नाही,
घट्टे पडलेला तळहात पँटला पुसत राहिली.

सवयीनं माझा हात खिशात गेला. पेन होतं.
कागद नव्हता,
म्हणून तिचाच हात पालथा घेतला
आणि मागे लिहिलं: बाकी साठ.
खाली सही, आडवी रेघ.

सुटे नाहीत आज माझ्याकडे, पोरी.
उतरताना आठवणीनं
मागून घे.