भोपळा

चाक नंतर आलं.
सायकलचं, कुपवाडच्या भंगारातलं, चार आरे तुटलेले,
ब्रेकची दोरी पडद्यामागे, माझ्या मुठीत.
चौगुले खोकले की दाबायचा.
हे आता सांगायला हरकत नाही.

चाकाच्या आधी भोपळे होते.
मिरजेच्या दस्तगीर चाचांनी सतारीतून बाद केलेले तीन:
एकाला तडा, एक पातळ सालीचा, एक कुबडा.
'सुरात बोलणार नाहीत. ने, फुकट ने.'

भूपाल चौगुलेंचं केबल ऑफिस हळदीच्या वखारीवर.
खालून भुकटी वर यायची, आम्ही शिंकायचो,
टेप महाग, म्हणून शिंकांसकट खेळ जायचा
बुधवारी रात्री, सांगलीच्या सतराशे घरांत.

तीन भोपळे पालथे. एकाखाली चिठ्ठी: कुकर.
बाकी दोनांखाली नुसतं टेबल,
आणि चौगुले ओरडायचे, 'भोपळा!'
एवढाच खेळ. लोक पोट धरून हसायचे.

नियम मागून सुचत गेले.
समडोळीच्या एकानं भोपळा हलवून पाहिला,
म्हणून हलवायचा नाही.
एकीनं वाकून पाहिलं,
म्हणून खडूची रेघ.
चौगुलेंची मेहुणीच कुकर जिंकली,
त्यावर काही नियम झाला नाही.

मग एका बुधवारी हमीदाबी आली,
चाचांची सून.
भोपळे भिजवायचं, आतला गर खरवडायचं काम तिचं,
सूर जुळवायला तिला कुणी बसवलं नव्हतं.
तिनं तिन्हींना एकेक टिचकी मारली.
(टिचकीचा नियम अजून व्हायचा होता.)
कान लावला. पुन्हा मारली.
कॅमेरावाला कुंभोजकर घड्याळाकडे बघत राहिला.

'हा,' म्हणाली. कुबडा.
उचलला. खाली टेबल.
'भोपळा!' चौगुले ओरडले.
'हां, तोच तर पाहिजे,' ती म्हणाली,
आणि पदराखाली घेऊन जिना उतरली.
त्या दिवशी कुणी हसलं नाही,
फक्त खालून हमालाची एक शिंक.

दोन भोपळ्यांत कसला आलाय खेळ?
म्हणून मी कुपवाडला गेलो, म्हणून चाक.

त्या कुबड्याची सतार झाली म्हणतात,
दस्तगीर चाचांच्या नावानं विकली गेली.
पहिला कुकर अजून वखारभागात आहे.
परवा गेलो होतो.
शिट्टी जरा बेसूर देतो.