पिंपांचा उतार

देवरीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला
की वास आधी येतो, पाटी नंतर :
‘मोहफूल आसवनी. पर्यटकांचे हार्दिक स्वागत.’
स्वागताला पाच पायऱ्या.
कठडा नाही.
पाचवी इतरांपेक्षा उंच,
गवंड्याचा हिशेब तिथे चुकला असावा
किंवा विटा उरल्या असाव्यात.

मॅनेजर कापगते धावत आले.
‘टेन्शन नका घेऊ मॅडम, चौघं आहोत, उचलून घेतो.’
आणि चौघे खरंच उभे राहिले
बाह्या सारून.

मला उचललं गेलं आहे
बँकेत, मतदान केंद्रावर, मावसबहिणीच्या लग्नात,
तहसीलच्या दुसऱ्या मजल्यावर दोनदा,
कारण पहिल्यांदा साहेब जेवायला गेले होते.
वर पोचल्यावर सगळे हसतात.
मीही हसते
चाकात अडकलेला पदर सोडवत.

म्हणून विचारलं,
‘पिंपं कुठून आत जातात?’
कापगतेंना आधी कळलंच नाही.
‘दोनशे लिटरची. तीही चौघं उचलता का?’

मागून.
अर्थात मागून.
राखेच्या ढिगाला वळसा घालून, ओल्या सरपणाशेजारून,
मोहाचा चोथा चघळत बसलेल्या दोन गाई,
त्यातली एक जरा जास्तच निवांत,
आणि पुढे सिमेंटचा उतार
मधोमध घासून गुळगुळीत झालेला.
गोल वस्तूंचा विचार इथे
कुणीतरी केव्हाच करून ठेवला होता.

उतार खडा होता. पिंपाला दम लागत नाही.
अर्ध्यावर माझी मनगटं थांबली.
‘लावू का जी हात?’
विचारून लावला, हे मी लक्षात ठेवलं.
फागूलाल मडावी, भट्टीवर असतो.
त्याचा डावा पाय मातीत
प्रत्येक पावलाला अर्धा चंद्र काढत येतो.
‘तुम्ही इकडून कसे?’
‘मी त इकूनच येतो जी. अकरा वर्सं झाली.
समोर पायऱ्या हायेत ना.’

कापगते त्याच्याकडे बघत राहिले,
हजेरीपटावरचं नाव
आज पहिल्यांदा पायांसकट दिसावं तसे.

आत तांब्याचं भांडं, घामेजलेली नळी.
‘पयली धार टाकून द्याची,’ फागूलाल म्हणाला,
‘ते डोळे खाते. माह्या काकाचे खाल्ले.’
आणि पुढचं सांगायला लागला,
किती भिजवायचं, किती दिवस, आवाज कसा येतो.

चव बघायचं काउंटर
उभ्या माणसाच्या कोपराला बरोबर.
माझ्या डोळ्यांसमोर फळीचं पोट :
सुताराची पेन्सिल, ४२, पुढे बरोबरची खूण.
माप घेतलं होतं, म्हणजे.
कुणाचं घेतलं, तेवढंच लिहायचं राहिलं.
वर पेले वाजत होते.
माझा पेला वरून खाली आला
देवळातल्या तीर्थासारखा.
जीभ भाजली, मग फुलं आली,
मग बराच वेळ काही बोलावंसं वाटेना.

अभिप्रायाची वही काउंटरवर, पेन दोरीला,
दोरी माझ्यापर्यंत पुरेना.
कापगतेंनी दातांनी तोडली.
मी लिहिलं : एक फूट उंचीला बारा फूट उतार.
काउंटरचा एक तुकडा तीस इंचांवर.
‘कठडा उजव्या अंगाले लिहा जी,’ फागूलाल म्हणाला,
‘चढताना उजव्या, उतरताना बी उजव्या.’
‘म्हणजे दोन्हीकडे.’
‘तेच म्हणतो ना.’

खाली माझं नाव लिहिलं. त्याखाली त्याचं.
‘मी कायचा पाहुणा जी?’ तो हसला,
पण वही ओढून घेतली नाही.

शेवटचा रकाना होता : कुठून आलात?
दोन्ही नावांपुढे लिहिलं,
मागून.